विसपुतेकाकांची नाइन्टी एट

कॉम्प्युटर हँग झाला की माणसं काय करतात? कुणी टेबलावर हात आपटतं, कुणी माउस आपटतं, आमच्या पतसंस्थेतले मॅनेजर तर सरळ चहा प्यायला खाली निघून जातात. आमच्या वरच्या मजल्यावरचे विसपुतेकाका मात्र खूश व्हायचे.

थट्टा नाही करत. खरोखर खूश व्हायचे. घरात चांगलं स्थळ सांगून आल्यासारखा चेहरा करून ते आमच्या दारात उभे राहायचे. खाली चुरगळलेला लेंगा आणि वर मात्र खिशाला पेन अडकवलेला पांढराशुभ्र शर्ट.

"मॅडम, लटकला!"

"परत?"

"परत! बाण जागचा हलत नाही. काहीही दाबा, ढिम्म!"

हे सांगताना दोन्ही तळहात एकमेकांवर चोळायचे. पतसंस्थेत कॉम्प्युटर आल्यापासून अख्ख्या सोसायटीनं मला तज्ज्ञ करून टाकलं होतं. माझं ज्ञान म्हणजे काय, तर बंद करा आणि पुन्हा चालू करा. पण तेवढंही काका करू द्यायचे नाहीत. मी बटणाकडे हात नेला की ते मधे हात घालायचे.

"अंहं! बंद नाही करायचा. असाच राहू द्या रविवारपर्यंत."

"अहो काका, आज बुधवार आहे!"

"असू दे. डिफेक्टिव्ह पीस लाइनवरून हलवायचा नसतो, मॅडम. पुरावा असतो तो. रविवारी हेमंतचा फोन आला की त्याला डिट्टेलमध्ये सांगता येतं."

हेमंत म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, अमेरिकेत कॉम्प्युटरमध्येच मोठ्या हुद्द्यावर. तर रविवारपर्यंत तो लटकलेला कॉम्प्युटर तसाच ठेवायचा, वरून काकूंचं जुनं लुगडं अलगद पांघरायचं, आणि जाता-येता लुगडं उचलून बघायचं. मधेच वीज गेली आणि पुरावा नष्ट झाला की स्वारीचं तोंड असं उतरायचं, की बघणाऱ्याला वाटावं घरात कुणी आजारी आहे.

हा माणूस असा का, ते समजायला त्यांची नोकरी माहीत पाहिजे. विसपुतेकाका सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा! इतकं भाग्य सासवांच्यासुद्धा नशिबी नसतं. रिटायर झाले, हार झाले, घड्याळ मिळालं, पण इन्स्पेक्शन काही संपलं नाही. त्यांच्या जगात वस्तू तीनच प्रकारच्या. पास, रिजेक्ट, आणि तिसरा प्रकार 'डेव्हिएशनवर पास'. म्हणजे माप जरा चुकलंय, पण अडचण आहे म्हणून चालवून घेऊ. काकूंच्या हातची भाजी लग्न झाल्यापासून डेव्हिएशनवर पास होत आलेली. एकदा मी शेवभाजी नेऊन दिली तर दोन घास खाऊन म्हणाले, "रस्सा पास. शेव रीवर्कला पाठवा."

मखमलाबादहून पाटीतून मेथी-कोथिंबीर घेऊन यायच्या त्या सखूबाई. काका एकेक जुडी उजेडात धरून फिरवून बघायचे, देठ मोडून बघायचे, मुळाची माती झटकून हुंगायचे. एक दिवस सखूबाईंनी पाटी खाली ठेवली, कमरेवर हात दिला आणि म्हणाल्या, "काका, जुडी घ्यायची हाय का तिला नोकरीला लावायची हाय?"

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कायम एक व्हर्निअर असायचा, कारखान्यात जाडी मोजतात तो स्टीलचा. हेमंतच्या लग्नात व्याह्यांनी हौसेनं खास मांडे करणारी बाई बोलावली होती, कारण हे मूळचे सटाण्याकडचे. मांडवात सगळे वाहवा करताहेत, आणि काकांनी व्हर्निअर काढून मांड्याला लावला! "कडेला आणि मधे फरक आहे," म्हणाले. त्या बाईनं हातातला उंडा परातीत टाकला आणि पदर खोचून विचारलं, "भाऊ, तुम्ही जेवाले येल शेतस का माले फाशी देवाले?" अख्खा मांडव हसला. काका नाही हसले. त्यांनी आणखी एक मांडा मोजला.

हेमंत बोर्डाच्या परीक्षेत शाळेतून पहिला आला, तेव्हा आम्ही सगळे त्यांच्याकडे पेढे खात बसलो होतो. काका खिडकीशी गुणपत्रिका उजेडात धरून उभे. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मराठीतले मार्क कुठे गेले?" पोरगं पेढ्यांचा डबा हातात घेऊन तसंच उभं राहिलं. माझ्या जिभेवर आलं होतं काहीतरी, पण पेढा होता तोंडात.

तो हेमंत अमेरिकेला गेला आणि जाताना आपला कॉम्प्युटर घरी ठेवून गेला. कॉलेज रोडच्या आहेर कॉम्प्युटरवाल्यानं सुटे भाग आणून जोडून दिलेला. त्यात त्या वेळची सिस्टिम, नाइन्टी एट. काकांनी आधी रीतसर तपासणी केली. कीबोर्डवर आले आणि थबकले. "ए च्या शेजारी बी नाही. हे पास कुणी केलं?" मी म्हटलं, काका, सगळ्या जगात असंच असतं. "म्हणजे सगळा लॉटच रिजेक्ट," ते म्हणाले. पण मग शिकले हो. एका बोटानं का होईना, शिकले. चपला बाहेर काढून त्या खोलीत जायचं, गुडघ्यावर हात ठेवून ताठ बसायचं, आणि सिस्टिम सुरू होईपर्यंत तिच्याकडे एकटक बघत राहायचं. कारखान्यात मोठे साहेब यायचे तेव्हासुद्धा एवढे ताठ बसले नसतील.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तर कमाल झाली. कारखान्यात खंडेनवमीला मशिनची पूजा करायची सवय, तर यांनी कॉम्प्युटरची मांडली. झेंडूचा हार, कॅबिनेटवर स्वस्तिक, हळदकुंकू, नारळ, सगळं झालं, आणि मनोभावे अक्षता वाहिल्या. त्यातल्या निम्म्या मागच्या जाळीतून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी पंखा खडखड वाजायला लागला. आहेर आला. हा पोट सुटलेला, शांत माणूस, लग्नकार्यातसुद्धा स्क्रू-ड्रायव्हर खिशात असणारा. त्यानं कॅबिनेट उघडलं, उलटं केलं, आणि जमिनीवर कुंकू लावलेले तांदूळ पडले.

"काका, हे तांदूळ आत कसे?"

"इंद्रायणी आहे," काका म्हणाले. जणू काही तेवढंच स्पष्टीकरण हवं होतं.

मशीन तेव्हापासून जास्तच लटकू लागलं. काका जास्तच खूश राहू लागले. आम्हाला वाटायचं, ही जुनी खोड आहे. चूक सापडली की इन्स्पेक्टरला जेवण गोड लागतं. सगळी सोसायटी असंच समजायची, आणि मीसुद्धा.

मग तो कॅमेरा आला.

हेमंतला मुलगी झाली होती, इशा. ती चालायला लागली तरी काकूंनी तिला फक्त फोटोत पाहिलेलं. काकूंचे गुडघे असे, की सोसायटीचा जिना उतरायचा तर त्या आधी देवाचं नाव घ्यायच्या. विमानाचं नावच नको. आणि हेमंतचं तिकडे काहीतरी कागदपत्रांचं घोंगडं भिजत पडलेलं, ते मिटेपर्यंत त्याला देश सोडता येत नव्हता. म्हणून त्यानं एका मित्राबरोबर लिंबाएवढा एक कॅमेरा पाठवला. कॉम्प्युटरला लावायचा की इकडचे तिकडे दिसतात, तिकडचे इकडे. केबलवाल्यानं तेव्हा आमच्या भागात इंटरनेटची वायर टाकलेलीच होती. सगळं जुळून आलं. फक्त त्या खोक्यावर लिहिलेलं होतं, की याला एक्सपी ही नवी सिस्टिम लागेल. नाइन्टी एटवर हा चालणार नाही.

"मग घालून घ्या एक्सपी!" मी म्हटलं. "आहेर एका दुपारचं काम म्हणतोय."

"बघू," काका म्हणाले. "ट्रायल घेतल्याशिवाय नाही."

काकूंनी तो कॅमेरा देवघराच्या फळीवर ठेवला. रोज पूजा झाली की त्याच्यावरची धूळ पुसायच्या. "वर्षा गं," मला म्हणायच्या, "एवढुशा डोळ्यातून मनी नात मना घरात येईल ना?" त्या भावुक झाल्या की त्यांच्या बोलण्यात सटाणा यायचं.

आणि काकांची चौकशी सुरू झाली. ज्याच्या घरी एक्सपी आहे अशा माणसाचा नुसता वास आला की काका तिथे हजर. दाताचे डॉक्टर झाले, इन्शुरन्सवाले झाले, पलीकडच्या इमारतीतल्या कॉलेजच्या प्राध्यापिका झाल्या. दातांच्या डॉक्टरांकडे तर खुर्चीत तोंड उघडं ठेवून यांनी विचारलं. प्रश्न सगळ्यांना एकच.

"लटकतो का?"

"छे हो! नाइन्टी एटसारखं नाही. एक्सपी अजिबात हँग होत नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही. आम्ही तर विसरलोच हँग होणं म्हणजे काय ते."

आणि काकांचा चेहरा पडायचा. मी स्वतः पाहिलाय. जो उठतो तो एक्सपीचं हेच कौतुक करायचा आणि हे कौतुक ऐकून काका घरी जाऊन पडून राहायचे. मला वाटलं, यांचा विश्वास बसत नाही. चूक नसलेली वस्तू जगात असते, हेच त्यांना पटत नाही.

शेवटी ते ट्रायलला गेले. कॉलेज रोडच्या एका सायबर कॅफेत एक्सपी होती. काका दुपारचं जेवून तिथे जाऊन बसले. बाहेर पोरं खोळंबलेली, आणि हे आपले एकामागून एक खिडक्या उघडताहेत. हिशेब उघड, चित्र काढायचं उघड, पत्ते उघड, गाणं लाव, वर पुन्हा पत्ते उघड. कॅफेवाला म्हणाला, "काका, तुम्हाला नेमकं काय पाहिजे?" हे म्हणाले, "लटकायला पाहिजे." त्यानं मला पतसंस्थेत फोन केला, कारण काकांनी ओळख म्हणून माझं नाव सांगितलेलं! संध्याकाळी मी त्यांना आणायला गेले. एखाद्याला स्मशानात पोहोचवून आलेल्या माणसासारखे काका बाहेर येऊन उभे राहिले.

"काय झालं, काका?"

"मशीन चांगलं आहे."

"मग?"

"मग काय! चांगलं आहे," असं म्हणून ते चालायला लागले.

त्यानंतर सबबींचा मोसम आला. पितृपक्षात नवीन सिस्टिम नको. नवरात्रात घट बसलेले, घरातलं काही हलवायचं नाही. दिवाळीत आहेर गावाला जातो. थंडीत? नाशिकची थंडी मशिनला बाधते, आत दव धरतं. थंडी संपली, तर लोडशेडिंगचं नवं वेळापत्रक येऊ घातलेलं. "अर्धी सिस्टिम आत गेली आणि वीज गेली तर? ना घर का ना घाट का!" इकडे अमेरिकेत इशा चालायची ती पळायला लागली. फोनवर 'आजी' म्हणायला लागली. काकू फोन ठेवून स्वयंपाकघरात जायच्या आणि भांडी आपटायच्या.

एक दिवस काकूंनी हत्यार उपसलं. दुपारी ताटात मुगाची खिचडी. रात्री मुगाची खिचडी. दुसऱ्या दिवशी तीच. काका ताटाकडे बघून म्हणाले, "अगं, हे काय?" काकू म्हणाल्या, "पास करा नाहीतर रिजेक्ट करा. ती पोर डोळ्यांना दिसेपर्यंत या घरात फोडणी पडणार नाही."

मी तिथेच होते, लोणचं मागायला गेले होते. माझी जीभ मुळात तिखट आणि त्या दिवशी तिला आवर घालायची इच्छाही नव्हती. "काका," मी म्हटलं, "मांड्याची जाडी मोजलीत, आम्ही हसलो. कॉम्प्युटरला अक्षता वाहिल्यात, हसलो. पण ही बाई नातीसाठी झुरतेय आणि तुम्ही दव आणि वेळापत्रक सांगताय? उचला तो डबा. मी स्कूटर काढते. आहेरकडे जायचं, आत्ता!"

मला वाटलं होतं, भांडतील. नाही भांडले. गुपचूप उठले, कॉम्प्युटरच्या वायरी एकेक करून काढल्या, कॅबिनेट सोलापुरी चादरीत गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन माझ्या मागे बसले.

गंगापूर रोडवर निम्म्या वाटेत आलो असू, तर मागून आवाज आला. "मॅडम, जरा थांबता का? चहा घेऊ."

मी चहाच्या टपरीपाशी थांबले. काकांनी चादरीतलं गाठोडं बाकावर ठेवलं, एका बाजूला स्वतः बसले, दुसऱ्या बाजूला मी. टपरीवाला म्हणाला, "भजनाला निघालात का काका? पेटी हाय ना?" काकांनी नेहमीसारखा चहाचा कप उजेडात धरून बघितलासुद्धा नाही. नुसता हातात धरून बसले.

"तुम्हाला वाटतं मला पोरीला बघायचं नाही," ते म्हणाले.

"मग काय वाटायचं, काका?"

"हेमंत गेला ना, तेव्हा पहिली दोन वर्षं तो फोन करायचा. मी उचलला की म्हणायचा, 'अण्णा, बरं आहे ना?' मी म्हणायचो, 'बरं आहे.' मग तो म्हणायचा, 'आईला देता?' झालं. संपलं. दर रविवारी तेवढंच. मला वाटायचं, काहीतरी बोलावं. पण सुचायचंच नाही, मॅडम. लहानपणापासून त्याच्याशी बोललो ते चुका दाखवायलाच. सायकल शिकताना पडला होता तो, गुडघा फुटला, तर मी आधी सायकलचं हँडल वाकलं का ते बघितलं. असल्या बापाशी पोरगं काय बोलेल?"

मी कप बाकावर ठेवला.

"मग हा लटकायला लागला." त्यांनी गाठोड्यावर हात ठेवला. "सहज सांगितलं त्याला. तर तो म्हणाला, 'थांबा अण्णा, काय दिसतंय सांगा.' मी सांगत गेलो. तो म्हणाला, हे दाबा, ते दाबा. चुकलं माझं, तर म्हणाला, 'असू दे, घाबरू नका, मी आहे ना.' अहो, पाऊण तास बोलला माझ्याशी! मधेच इशाचं सांगितलं, ऑफिसचं सांगितलं, कंबर दुखते म्हणाला. मी असं विचारलं असतं तर कधी सांगितलं नसतं. तेव्हापासून दर रविवारी बोलतो. 'अण्णा, या आठवड्यात काय केलं तुमच्या मशिननं?' असंच सुरू करतो."

त्यांनी चहाचा एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "सगळे म्हणतात एक्सपी लटकतच नाही. सहा-सहा महिने लटकत नाही. मग मला सांगा, त्यानं माझ्याशी बोलायचं काय?"

मी चिडले. खरं म्हणजे मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मी चिडते. "अहो काका, दुसरं काहीतरी बोला ना! तुमचाच मुलगा आहे!"

"काय बोलू?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. विद्यार्थी विचारतो तसं. आणि मला एक वाक्य सुचेल तर शपथ. हवा कशी आहे, जेवलास का, एवढंच आलं डोक्यात, आणि तसलं तर त्यांचं दोन वर्षं बोलून झालेलं.

चहा संपला. मी म्हणणार होते की चला, परत जाऊ, बघू पुढच्या महिन्यात. पण काकाच उठले. गाठोडं उचललं, चादरीची गाठ घट्ट केली.

"चला, मॅडम. तिनं किती वाट बघायची! तिचा तर काही दोष नाही."

आहेरनं संध्याकाळपर्यंत सगळं करून दिलं. एक्सपी घातली, मेमरी वाढवली, जुना खडखडणारा पंखा काढून नवा बसवला, वर आतून पुसूनही दिलं. शेवटी चालू करून दाखवलं. काकांनी कॅबिनेटला कान लावला. मग हात लावला. काही म्हणजे काही आवाज नाही, इतकं शांत, की दिवा लागलेला दिसला नसता तर बंद आहे असंच वाटलं असतं.

"कसं काय, काका?" आहेरनं छाती पुढे काढून विचारलं.

"पास," काका म्हणाले. डेव्हिएशन नाही, रीवर्क नाही. त्यांच्या तोंडून एवढा स्वच्छ 'पास' मी पहिल्यांदाच ऐकला, आणि इतका पडलेला आवाजही.

रविवार उजाडला. काकूंनी येवल्याची पैठणी नेसली होती, हेमंतच्या लग्नातली. नथ घातली होती. कॅमेऱ्याला हळदकुंकू लावायला निघाल्या होत्या, मी धावत जाऊन अडवलं. काकांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट, पण ते खुर्चीत बसलेच नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले, कॅमेऱ्यात येणार नाहीत असे.

आणि पडद्यावर एक चौकट उघडली, आणि त्या चौकटीत इशा. दोन शेंड्या, गालाला काहीतरी लागलेलं. चित्र अधूनमधून अडखळत होतं, पण पोर हलत होती, डोळे मिचकावत होती. तिनं काकूंकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "आजी!"

"मनी माय! मनी सोनी!" काकूंनी पडद्यावरच हात फिरवला. मग काय बोलल्या, काय विचारलं, त्यांचं त्यांना माहीत. हसत होत्या, नथ सावरत होत्या, मधेच पैठणीचा काठ कॅमेऱ्यासमोर धरून "हे तुनं शे बरं, मोठी झालीस की नेसशील" असं सांगत होत्या. इशानं तिकडे खुर्चीभोवती पळून दाखवलं. काकूंनी इकडे टाळ्या वाजवल्या. अशी वाट बघितल्यावर मिळालेलं सुख बघणं, हेसुद्धा सुखच असतं बरं का. मी उगीचच दोनदा चष्मा पुसला.

मग हेमंत चौकटीत आला. कानाजवळ केस पांढरे झालेले. मला वाटलं होतं, अजून पेढ्यांचा डबा धरून उभा असलेला तोच पोरगा दिसेल.

"आई, अण्णा कुठेत?"

"अहो, या ना इकडे!" काकू उठल्या आणि त्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं. काका ताठ बसले, गुडघ्यांवर हात.

"अण्णा, बरं आहे ना?"

"बरं आहे."

"छान दिसताय तुम्ही."

"हां."

झालं. पडद्यावर हेमंत हसऱ्या चेहऱ्यानं बघत होता, पुढे काय बोलावं ते त्यालाही सुचत नसावं. "आणि... मशीन कसं चाललंय?" त्यानं विचारलं.

तीस-पस्तीस वर्षं ज्या माणसानं चांगल्या मालावर कधी खोटी खूण केली नाही, साहेबांनी सांगितलं म्हणून नाही की युनियननं दटावलं म्हणून नाही, त्या माणसानं एकदा कॅबिनेटकडे बघितलं. एकदा माझ्याकडे बघितलं. मग घसा खाकरला.

"जरा आवाज येतोय रे."

"आवाज? कसला?"

"पंख्याचा असावा. मधूनमधून येतो."

काकू तोंड उघडणार होत्या, तोच मी त्यांचा हात दाबला. कॅबिनेट माझ्या पायाशी होतं, आणि त्याच्यातून हूं की चूं येत नव्हतं. बोलायचा माइक टेबलावरच, हेमंत याच कामात मुरलेला माणूस, त्याला तिकडे पंख्याचा कसलाच आवाज येत नसणार, हे मला इथे कळत होतं. क्षणभर चित्र अडकलं की काय असं मला वाटलं. मग त्यानं मांडीवर चढू पाहणाऱ्या इशाला उचलून तिच्या आईकडे दिलं, खुर्ची पुढे ओढली, आणि दोन्ही कोपरं टेबलावर टेकून कॅमेऱ्याजवळ आला.

"कसा येतो आवाज? करून दाखवा."

काकांनी इकडे तिकडे बघितलं. मग मान जरा पुढे केली. "घर्रर्र... घर्रर्र... टक्. असा."

"टक् शेवटी येतं का मधे?"

काका विचारात पडले. "शेवटी. नाही, थांब. कधी कधी मधेही येतं."

"मग नीट ऐकायला लागेल. पुन्हा करा, अण्णा. सावकाश."

"घर्रर्र," काकांनी सुरुवात केली. तिकडे आईच्या कडेवरून इशानंही "घर्रर्र" केलं आणि खदखदून हसली. काका थांबले. मग तिच्याकडे बघून, मोठ्यानं, गाल फुगवून म्हणाले, "टक्!"

काकूंनी पैठणीच्या पदरानं डोळे टिपले आणि मला हळूच ओढलं.

"चल गं वर्षा, आपण चहा टाकू. यांचं आता पाऊण तास चालेल."